सभापतींचा फेटा आणि जीपमधला मानेचा टेका

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, वडजीखेड, जि. बुलढाणा.

विषय : आरोग्य केंद्राच्या जीपमधील टेका काढण्यास नकार कळविण्याबाबत.
संदर्भ : आपला सोमवारचा लेखी आदेश.

महोदय,

पुढच्या सीटवरचा टेका शनिवारपर्यंत न काढल्यास माझ्यावर कारवाई होईल, असे आपण कळविले आहे. टेका मी काढणार नाही. कारणे अशी :

१. पोळ्याच्या सुमारास मेहकर रस्त्यावर आमची उभी जीप मागून ट्रकने ठोकली. मी पुढे बसले होते. सीटने पाठ पुढे ढकलली, डोके मागेच राहिले आणि मानेला जबर हिसका बसला. तेव्हापासून कुणी हाक मारली की मला सगळ्या अंगानिशी वळावे लागते. बाळंतीण तपासायला वाकले की डोळ्यांत पाणी येते, आणि लोक समजतात, बाई फार मायाळू.

२. म्हणून मी लोहाराकडून लोखंडी चौकट करून, वर कापसाची गादी शिवून टेका बसविला. तो कानांच्या वर पोहोचतो व डोक्याच्या अगदी जवळ आहे. मागून धक्का बसला तर पाठीबरोबर डोकेही सावरले जाते. ड्रायव्हर उकंडराव यांच्या सीटसाठीही परवानगी मागितली होती. तो अर्ज दिवाळीपासून आपल्याकडे पडून आहे.

३. दौऱ्याला हीच जीप नेणारे मा. सभापती जानराव यांचे म्हणणे, टेक्याने फेटा मागून दबून डोळ्यांवर उतरतो. "बाई, लोक म्हनतीन सभापती पिऊन आला!" फेटा मांडीवर घ्यावा, ही माझी विनंती त्यांना अपमान वाटली. टेका खांद्याइतका कापा, असे त्यांनी सुचविले. तेवढ्या टेक्यावरून डोके मागे उलटेल, हे मी त्यांना दोनदा सांगितले.

४. गेल्या आठवड्यात चिखलीच्या फाट्यावर आमची जीप पुन्हा एका ट्रकने मागून ठोकली. सभापती टेक्याच्या सीटवर होते. ते उतरले, सुटलेला फेटा बांधला आणि ट्रकवाल्याशी भांडायला गेले. उकंडराव मात्र मान बांधून दवाखान्यात पडले आहेत. त्यांची बायको शालूबाई मला विचारते, "ह्यायच्या सीटले काऊन नाही लावला टेका?" अर्ज अडवून ठेवणारे म्हणून तिला मी आपले, म्हणजे साहेबांचे, नाव सांगितले आहे.

५. सभापतींनी तक्रार केली ती चुरगळलेल्या फेट्याची, आणि आपण आदेश काढलात. ड्रायव्हरच्या सीटला दुसरा टेका मी कालच, परवानगीविना, बसविला आहे.

टेका काढावा काय, असे विचारता सभापतींनी मान डोलावून संमती दिली, असे आदेशात नमूद आहे. ती मान अजून डोलते कशी, एवढा खुलासा त्यांच्याकडून मागवावा.

आपली नम्र, परंतु हा आदेश न पाळणारी,
अन्नपूर्णाबाई इंगळे
परिचारिका, आरोग्य केंद्र, वडजीखेड
दि. २३ जानेवारी १९६९

सोबत : काही नाही. दोन्ही टेके जीपमध्येच आहेत.