तेल चार तासांचं होतं

७ मार्च २०२५, शुक्रवार. टिलबर्ग, नेदरलँड्स

सकाळी नऊला युनिव्हर्सिटीत गेले. दोनला परत आले. खोलीत धूर. खिडकीचं ब्लाइंड जळालेलं, चौकट काळी. शेजारच्या खोलीतल्या सलोनीने बादलीभर पाणी ओतून आग विझवली होती. आईचा दिवाही विझला.

आई जाऊन आज सहावा दिवस. मी पुण्याला पोचेपर्यंत अंत्यविधीसाठी कुणी थांबणार नव्हतं. 'तू तिथे दिवा तेवढा लाव ताई, विझू देऊ नकोस,' अद्वय म्हणाला होता. तेवढंही झालं नाही.

८ मार्च

घरमालक श्रीनिवासकाका नीउ-व्हेनेप गावाहून आले. आपला माणूस म्हणून जरा धीर वाटला होता. दारातूनच — "अगं, इथे कोण करतं हे? बॅटरीचा दिवा मिळतो की!"

आई गेल्याचं त्यांना माहीत आहे. त्यावर एक शब्द नाही. चौकटीचे अठरा फोटो काढले. पुन्हा ज्योत लावायची नाही, म्हणाले. दुरुस्ती माझ्या विम्यातून झाली नाही तर महिनाअखेर खोली सोडायची.

करारात अट होती म्हणून मी तो विमा काढलाय. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरून देते.

१० मार्च

विमा कंपनीला फोन.

"मेणबत्ती होती?" दिवा. "सुगंधी मेणबत्ती?" नाही! "घरात नसताना जळत ठेवली? मुद्दाम?" हो, मुद्दाम.

पलीकडच्या बाईने ते टाइप केलं. मग म्हणाली, विसरून राहिली असेल तर अपघात. जाणूनबुजून ठेवली असेल तर क्लेम अवघड. फॉर्म पाठवते, विचार करून भरा.

मी विसरले नव्हते! तेल मोजून घातलं होतं — चार तासांचं. नऊ ते एक. रोज साडेबाराला येऊन पुन्हा घालायचे. शुक्रवारी प्रेझेंटेशन लांबलं. म्हणजे दिवा एकला आपोआप विझायला हवा होता. आणि दिवा खिडकीत होता म्हणून ब्लाइंड मी वर गुंडाळून गेले होते. हे कुणी ऐकूनच घेत नाही.

११ मार्च

सलोनी म्हणते, "लिही ना यार, विसरले म्हणून. एका शब्दाचा तर प्रश्न आहे." काकांचाही मेसेज — 'सगळे तसंच लिहितात.'

एक शब्द! आईचा दिवा विसरले, असं सही करून देऊ? रविवारी तिला फोन करायला विसरायचे मी, कितीदा तरी. ते खरं आहे. हे नाही.

१२ मार्च

नाही लिहिणार. गेली खोली तर गेली.

१३ मार्च

संध्याकाळी सलोनी दारात येऊन उभी राहिली. आत येईना.

"शुक्रवारी एकला मी डोकावले. वात फडफडत होती. तू म्हणाली होतीस, विझता कामा नये. म्हणून तेल घातलं. फटीतून वारा येत होता, तर ब्लाइंड खाली ओढलं... आणि अंघोळीला गेले."

रडत होती. तिने विमा काढलेलाच नाही. करारातली अट वाचलीसुद्धा नव्हती. "बोलले असते तर काकांनी मला हाकललं असतं गं."

सहा दिवस गप्प! वर मलाच शिकवत होती, काय लिहायचं ते. मी दार लावून घेतलं.

१४ मार्च

आज तेरावा. अद्वयने व्हिडिओवर पान दाखवलं. सगळं आईच्या आवडीचं होतं.

शुक्रवारी एक वाजता दिवा विझला नव्हता. मी नव्हते, तरी कुणीतरी तेल घातलं होतं.

फॉर्म भरला. कारण — विसरले. सही केली, पाठवला.

मग चिंच भिजत घातली आणि दिवा घासायला घेतला.