फाट्यावरून ऐकू येणारी गाडी

बारामती,
११ जुलै १९९६

ती. सौ. अक्कास,
मानसिंगचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, भिगवण सोडून बारामतीचा निम्मा रस्ता कापल्यावर माझी मोटारसायकल बंद पडली आणि अक्का, माझं सगळं तिथंच फिरलं. घड्याळ मी नाही बघितलं, वृषालीनं बघितलं. तिची डी.एड.ची मुलाखत दहाला होती.

तू तिला एसटीत बसवायला फाट्यावर आली होतीस. तिचा एक पाय पायरीवर होता. तेवढ्यात मी शेजारी गाडी लावली आणि म्हणालो की कशाला कोंबड्यांसारखी कोंबून जातेस, पाऊण तासात कॉलेजच्या दारात उतरवतो. कंडक्टरनं घंटी मारली, ती पाय काढून माझ्या मागं बसली. तू माझ्यावर डोळे वटारलेस, पण हसलीसही. ते हसू आता मला छळतंय.

प्लग काढला तर काळा ठिक्कर. शर्टाला पुसला, फुंकला, परत बसवला. किका मारून मारून पोटरीला गोळा आला. जादा प्लग माझ्या पँटच्या खिशात कायम असतो. त्या दिवशी मी नवी पँट घातली होती. दुसऱ्यांच्या गाड्या नीट करून पोट भरणारा मी, आणि माझीच गाडी तिच्यासमोर मेली. ती बाभळीखाली फाईल छातीशी धरून उभी. शेवटी एक दुधाचा टेम्पो थांबला, त्यात कॅनांच्या मध्ये बसून ती एकटी गेली. पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते आणि यादी बंद झाली होती.

मी गाडी ढकलत दोन वाजता स्टँडवर पोचलो. ती बाकावर बसली होती. एवढंच म्हणाली की तुमची गाडी कधी थांबंल याचा नेम न्हाय, आन् तुमी कधी काय सोडून द्याल याचाबी न्हाय. अक्का, हजेरीच्या कारकुनाच्या टेबलावर वही आपटून मी कॉलेजातून चालता झालो त्याला दीड वर्ष झालं. आबा बाप असून तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी पचवलं. हिचं बोलणं पचत नाही.

ही गाडी आता मला डोळ्यांसमोर नको. आबांनी कळपातली शेवटची मेंढरं विकून ती घेतली, मी कऱ्हाटीहून कॉलेजला वेळेवर जावं म्हणून. आणि मी काय केलं, तर सायलेन्सरची जाळी काढून टाकली, आवाज वाढावा, सगळ्या पळसदेवला कळावं मानसिंग आला म्हणून. दाजींना सांग, गिऱ्हाईक बघा. आमच्या गॅरेजात एक सहा माणसांची तीनचाकी विकायला उभी आहे, लांब तोंडाची, जिला सगळे डुक्कर म्हणतात तीच. मी ती घेणार आहे. हस तू.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
मानसिंग


पळसदेव,
१६ जुलै १९९६

चि. मानसिंगास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चुलीपुढं वाचलं, दोनदा चुलीत घालावंसं वाटलं. तुझ्या दाजींना मी एवढंच सांगितलं हाय की मानसिंगला गाडीचा कंटाळा आला. त्या हसण्यानं तुझ्या चुकीची वाटेकरीण मीबी हाय रे. तिच्या आईनं, छबूबाईंनी, पोरगी माझ्या हवाली केली होती, एसटीत बसवून या म्हणून. आता रोज हिरीवर गाठ पडती आन् मी कळशी भरायच्या आधीच उचलती.

वृषालीनं घरी सांगितलंय की एसटी वाटंत बिघडली. कुंडलिकतात्यांनी ते खरं मानलं. बाप वाईट न्हाय तिचा. त्यांचा शब्द होता, डी.एड.ला नाव लागलं तर दोन वर्सं लग्नाचं नाव काढणार न्हाय. आता म्हणतात, एसटीनंच आमचा घोळ मिटवला, देवाची इच्छा. पोरगी त्या एसटीला सगळ्या घराच्या शिव्या खाऊ देती आन् गप बसती. तुझं नाव तिनं वठावर आणलं न्हाय, एवढं ध्यानात ठेव.

बघायला पाव्हणे येणार अशी कुजबूज हाय. तवा तुला जे करायचं ते झटक्यानं कर. आपण लांबून का होईना त्यांच्या पाव्हण्यातलेच, मागणी घालायला लाज कसली? पण तात्यांना तू कसा दिसतोस ते सांगू? परवा बांधावर म्हणत होते की ते पोरगं फाट्यावर वळलं की आमच्या कोंबड्या दोन दिस अंडी देत न्हाईत. हसून म्हणाले, पण म्हणाले. आन् दुसरं असंबी म्हणाले की टमाटं निम्मं फाट्यावर गाडीची वाट बघत सडतं, गावात एखाद्यानं धडाची गाडी ठेवली तर त्याचे पाय धुवीन. आता तूच जुळव. तुझं डुक्कर मला चालतंय.

यांनी गिऱ्हाईक काढलंय. लोणी देवकरला कारखान्यात कामाला हाय, सुयोग नाव, सरळ वाटला. त्याला पोरगी बघायला जायचंय, म्हणून घाई. गाडीचा आवाज आहे तसाच ठेवा म्हणाला, रुबाब पडतो. कुठली पोरगी ते त्यानं सांगितलं न्हाय, यांनी विचारलं न्हाय. बाप्ये गाडीचं बोलाय लागले की दुसरं कशाला विचारतात!

धरणाचं पाणी अजून चढलं न्हाय, जुन्या देवळाचं शिखर वर दिसतंय. वेळेवर जेवत जा. डोकं थंड ठेव.
तुझी,
विजयमाला


बारामती,
२८ जुलै १९९६

ती. सौ. अक्कास,
मानसिंगचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

गाडी गेली. सुयोग काल येऊन घेऊन गेला. देताना मला शरम वाटू नये म्हणून मी रात्रंदिवस खपलो होतो: नवी रिंग, कार्बोरेटर उकळून साफ, नवा प्लग, आणि एक जादा प्लग मी त्याच्या खिशात स्वतः घातला. त्याला सांगितलं की पँट बदललीस तर हा पण बदल. तो खुळ्यासारखा हसला. जाळी बसवली नाही, त्याचीच अट होती. अर्ध्या किकेत सुरू झाली अक्का! माझ्याकडं दोन वर्षांत कधी झाली नव्हती.

आदल्या दिवशी मी ती कऱ्हाटीला नेली होती, आबांना दाखवायला. त्यांनी सीटवरून हात फिरवला, मेंढराच्या पाठीवरून फिरवायचे तसा, आणि विचारलं की नवीन जनावर गरीब हाय का? मी म्हणालो, गरीब आहे, पण दिसायला ओंगळ. आबा म्हणाले, दिसणं बघून कळप राखत नसतात.

तर ते ओंगळ जनावर आता माझ्या खोलीपुढं उभं आहे. पुढं सोंड, मागं सहा माणसं, मनात आणलं तर चौदा. सुरू करायला हँडल मारावं लागतं. रागाच्या भरात मारलं तर उलटं फिरून मनगटावर बसतं, मला दोनदा बसलंय. शांतपणे मारलं तर पहिल्याच वेळी घेतं. गॅरेजातली पोरं मला वराहपालक म्हणतात. एकाची कॉलर धरली होती, मग सोडली.

पाच तारखेला पासिंग आहे. ते झालं की अकरा तारखेच्या रविवारी आबांना पुढं बसवून थेट कुंडलिकतात्यांच्या दारात येतो. गाडी पळसदेवलाच ठेवीन, तुमचे टोमॅटो इंदापूरला वेळेवर पोचवीन, आणि पोरगी द्या म्हणेन. एवढं सरळ मी आयुष्यात काही ठरवलं नव्हतं.

एक कर. वृषालीला यातलं काही सांगू नकोस. गाडी विकली हेही नको. ती मला अजून त्या लाल गाडीवर बघते, डोळे मिटून बघत असेल तर. डुकराच्या सोंडेमागं बसलेला मी तिला आधी कानानं कळायला नको. समोर उभा राहीन, मग हसू दे काय हसायचं ते. शपथ आहे तुला माझी.

अकरापर्यंत जीव मुठीत धरून,
मानसिंग


पळसदेव,
५ ऑगस्ट १९९६

चि. मानसिंगास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

बसून वाच. गॅरेजात उभ्यानं वाचू नकोस.

काल रविवारी दुपारी मी छबूबाईंकडं पापडाचं पीठ मळायला गेले होते. बघायला पाव्हणे येणार हे त्यांनी मला तितं गेल्यावर सांगितलं, जीपनं येतील म्हणाल्या. वृषालीला साडी नेसायला सांगितली तर ती हलंना, पिठात हात घालून बसून राहिली. आन् तवाच फाट्याकडनं आवाज आला.

मानसिंग, गाडी विकायला आमीच गिऱ्हाईक दिलं, तरी मलाबी क्षणभर वाटलं की तूच आलास. मग तिचं काय झालं असंल? ती उठली. पिठाचे हात तसेच. छबूबाई हाका मारत ऱ्हायल्या आन् ही परड्यातनं, कोंबड्यांतनं धावत पार रस्त्याला जाऊन उभी. तोंडावर असं हसू की मी तिचं तसं तोंड कधी बघितलं नव्हतं. गाडी वळून समोर थांबली. वर सुयोग. मागनं त्याच्या घरच्यांची जीप.

ती तितंच थिजली. हसू तोंडावरच राहिलं, पुसायचं भान राहिलं न्हाय. त्याच्या मावशी म्हणाल्या की आमी बघायला आलो का पोरगीच बघायला आली? सगळे हसले. सुयोग गाडीवरनं उतरायच्या आधीच हो म्हणाला. कुंडलिकतात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, पोरगी नको नको म्हणत होती, मनातनं तयार होती बघा. पव्हे खाऊन झाले तरी ती एक शब्द बोलली न्हाय. ते सगळ्यांनी लाजण्यात धरलं.

अकरा तारखेच्या रविवारी सुपारी फोडायची ठरलीय. सुपारी फुटली की शब्द पक्का, तुला सांगायला नको. आन् वर तुझ्या दाजींनी, त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठावं न्हाय, बैठकीतच सांगून टाकलं की माझ्या मेव्हण्यानं सहा माणसांची गाडी घेतलीय, फाट्यावरनं पाव्हणे तोच आणील. तात्यांनी हात जोडले.

आज सकाळी वृषाली हिरीवर आली. मला विचारलं की गाडी त्यांच्याकडं कशी गेली. मग मी तुझी शपथ मोडली, सगळं सांगितलं. तिनं दोर वर ओढून घेतला. मग म्हणाली, डुक्कर तर डुक्कर, त्यात पावसात डोकं तरी भिजत न्हाय. आन् कळशी उचलताना म्हणाली की मला सांगायला काय हरकत होती त्यांना? मला माहीत असतं तर मी उठलेच नसते.

याच्यावर उत्तर तुला सुचलं तर तिला दे, मला नको.

तुझं बरंवाईट आपलं म्हणणारी,
अक्का


बारामती,
८ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्कास,
मानसिंगचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र आज सकाळी मिळालं. बसून वाचलं नाही.

आधी मी मोठा पाना उचलला. लोणी देवकरला जायचं, कारखान्याच्या फाटकापुढं त्या गाडीच्या टाकीचा चेंदामेंदा करायचा आणि सुयोगनं आडवं यायचं म्हटलं तर त्याचाही, एवढंच डोक्यात होतं. बाहेर येऊन हँडल मारलं. उलटं फिरलं, मनगटावर बसलं. परत मारलं, परत बसलं. तिसऱ्या वेळी हात उचलेना. पायरीवर बसून मी मोठ्यानं रडलो अक्का, रस्त्यावरची माणसं बघत होती आणि मला त्यांचा रागसुद्धा आला नाही.

सुयोगनं काय केलं? एका हसण्यावर हो म्हणाला. मीही त्याच हसण्यावर जन्म टाकायला निघालोय. गाडी मी नीट केली, जादा प्लग मी दिला, आवाज मी ठेवला, आणि तिला अंधारात मीच ठेवली. का, तर मी डुकरावर बसलेला तिला बरा दिसणार नाही म्हणून. मुलाखतीच्या सोमवारी नवी पँट घातली होती तेच हे. तिला उत्तर द्यायचं तर एवढंच आहे. तेच घेऊन निघालोय.

रविवारची वाट बघत नाही. सुपारी फुटायच्या आत, आजच. आधी कऱ्हाटी, आबांना पुढं बसवतो, मग थेट कुंडलिकतात्यांचं दार. तुझ्याकडं आधी उतरणार नाही, तुझ्यावर आळ नको. म्हणून हे पत्र, पोस्टातनं तुला मागाहून मिळेल. तात्यांना सांगणार आहे की एसटी बिघडली नव्हती. एसटी धडधाकट गेली, मी वृषालीला फाट्यावर अडवलं आणि माझी गाडी मेली. फाट्यावर कोण कोण होतं असं तात्या विचारतील, ते मी सांगणार नाही. मग गेल्या रविवारचं सांगेन, ती कुणाचा आवाज ऐकून धावली ते. आणि म्हणेन की आता पोरीला एकदा विचारा. मला नको, तिला. मला हो म्हणाली पाहिजे असं नाही. तिनं डी.एड.चं पुढच्या वर्षी परत मागितलं तर मी तिला एसटीत बसवून मागं फिरेन, एवढं तात्यांपुढं शपथेवर बोलेन.

ते मारतील, मार खाईन. हात उचलणार नाही, आजच्यापुरता मनगटानंच बंदोबस्त केलाय.

आणि नाही म्हणाले, सुपारी फुटायचीच ठरली, तर दाजींना सांग की त्यांचा शब्द खाली पडणार नाही. रविवारी फाट्यावरून पाहुणे मीच आणीन. सुयोगच्या मावशींना पुढं बसवीन. दुसऱ्या कुणाची गाडी वाटेत बंद पडली आणि वृषालीच्या दारात लोक उशिरा पोचले, हे आता माझ्याकडून बघवणार नाही.

हे लिहायला बसायच्या आधी शांतपणे एकदा हँडल मारून बघितलं. पहिल्याच वेळी सुरू झाली. बाहेर धडधडत उभी आहे. ही गाडी बंद पडत नाही अक्का. मधल्या वाटेत थांबायला आता मला काही निमित्त उरलं नाही.

पाना फळीवर परत ठेवलाय. जुनीच पँट घातलीय. गाडी नीट करताना काढलेला त्या सोमवारचा काळा प्लग तिच्या खिशात सापडला, तो राहू दिलाय.

भावावर जीव आहे तो आजच्या दिवसाला जरा जास्त लाव. बाकी भेटीअंती. पेन ठेवतो, उठतो, दार ओढून घेतो.

तुझा,
मानसिंग