भांड्यांच्या मशीनबद्दल तक्रार

सोमवार, १५ तारीख

प्रिय भिंगरी,

काल, म्हणजे रविवारी चौदा तारखेला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या स्वयंपाकघरातल्या नव्या मशीनचं दार लावलंस, बटण दाबलंस, पर्स खांद्याला अडकवलीस आणि ‘येते गं’ म्हणून जिना उतरलीस. माझा शेवटचा घास अजून तोंडात होता. ही माझी तक्रार आहे. लेखी करते आहे, कारण तोंडी केली की तू हसतेस आणि विषय बदलतेस.

तू गेल्यावर मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. उभा जन्म कारखान्यात हातात स्टॉपवॉच घेऊन लोकांची कामं मोजण्यात गेला माझा. सवय जात नाही. तुझा तो इको प्रोग्राम तीन तास पाच मिनिटं चालला. तेवढ्यात तुझे बाबा झोपले, उठले, चहा प्यायले, फिरून आले आणि आत कुणी अडकलंय का म्हणून विचारून गेले. दार उघडलं तर प्लास्टिकच्या डब्यांवर पाणी तसंच, आणि पातेल्याचा करपलेला तळ मला ओळख दाखवत होता.

आज सकाळी तीच भांडी मी पुन्हा मुद्दाम खरकटी केली आणि हाताने धुतली. बाबा दारात उभे राहून बघत होते. मग शहाण्यासारखे पेपर घेऊन बाहेर गेले. शाळेच्या होस्टेलात सिस्टरनी शिकवली तशी धुतली: दोन टब, एक साबणाचा, एक स्वच्छ पाण्याचा, आधी ग्लास, मग चमचे, मग ताटल्या, पातेली शेवटी. अडतीस मिनिटं लागली. पाणी सव्वीस लिटर. मशीनच्या पुस्तकात अकरा लिहिलंय, आणि ते खरं असावं. नळ धो धो सोडून तू धुतेस तसं धुतलं असतं, तर साठच्या खाली भागलं नसतं. म्हणजे पाण्याच्या बाबतीत तुझं मशीन जिंकलं. ग्लासांच्या बाबतीतही, बाबांना ते नवे आणलेत असं वाटलं. मी चिडले आहे, पण आकडे फिरवणाऱ्यांतली नाही. आणि हो, भांडी आत ठेवण्याआधी मी चोरून विसळते. धुतलेली भांडी धुवायला लावून मशीनचा अपमान करते, असं तू म्हणाली होतीस. होऊ दे अपमान.

पण कारखान्यात आम्ही यंत्राचा वेळ आणि माणसाचा वेळ वेगवेगळा मांडत असू. यंत्र तीन तास घुरघुरलं तरी माणसाची सहाच मिनिटं जातात, भांडी लावायची नि काढायची. म्हणजे दर जेवणामागे अर्धा तास वाचला. बचत कुणाला हवी होती, हा पुढचा प्रश्न आम्ही नेहमी विचारायचो. मला तर नको होती. मी मागितली नव्हती. दोन माणसं धापा टाकत मशीन वर घेऊन आली, तेव्हा मी त्यांना पत्ता चुकला म्हणून परत पाठवायला निघाले होते.

स्टुलावर उभी राहून ताटल्या पुसायचीस तेव्हापासून तू मला जे काही सांगितलंस ते त्या सिंकपाशी. बीजगणितात नापास झालीस ते. मैत्रिणीने बोलणं तोडलं ते. गच्चीवर सिगारेट ओढून बघितलीस तेसुद्धा. लग्न करते आहे हे तू कुकरचा तळ घासत सांगितलंस, आणि मी झाकणाची रिंग शोधत ‘बरं’ म्हणाले. आपल्या घरात समोरासमोर बसून कुणाला काही सांगता येत नाही. दोघींची तोंडं खिडकीकडे, हात पाण्यात, नळाचा आवाज. मग येतं बाहेर. फडकं वाळत टाकलं की विषय संपला. त्यातलं एक अक्षर मी कधी तुझ्या बाबांच्या कानावर घातलं नाही.

मशीन यायच्या आधीच्या रविवारी तू एकच ताटली पुसत बसली होतीस. ती कोरडी झाली तरी पुसत होतीस. काम जड असलं की हात थकतो, भिंगरी, असा मंदावत नाही. डोकं दुसरीकडे असलं की मंदावतो. हे मी शेकडो माणसांत पाहिलंय. आणि दर वेळी बोटातली अंगठी काढून खिडकीत ठेवतेस, ती त्या दिवशी काढायला बोटात नव्हतीच. हात तसेच साबणात घातलेस. ‘आई,’ म्हणालीस. मी नळ बारीक केला. मग म्हणालीस, घासणी झिजली आहे, नवी आण. त्याच आठवड्यात घासणीऐवजी हे धूड आलं.

जावईबापू चार रविवार आले नाहीत. कॉन्फरन्स आहे म्हणतेस. दातांच्या डॉक्टरांना दातांबद्दल इतकं बोलण्यासारखं काय असतं, ते मला कळत नाही. बाबांनी विश्वास ठेवला. ते हवामानाच्या बातम्यांवरही ठेवतात. मी नाही ठेवला. सकाळपासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालते आहे, कपाट आवरते, पुन्हा उपसते, आणि हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे.

तू सांगतेस तसं हे मशीन माझ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी आणलं नाहीस. माझ्या शेजारी उभं राहावं लागू नये म्हणून आणलंस. एवढंच मला कळलंय. बाकीचं तू सांग. तू सध्या कुठे राहतेस? एकटी आहेस का? त्याने तुझ्यावर हात उचलला आहे का? फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणायला तुला अर्धा सेकंद लागतो, म्हणून लिहून हवंय. लिहिताना तुला खोटं जमत नाही. हे पाकीट बाबा उद्या तुझ्या ऑफिसच्या फाटकावर देतील. त्यांना वाटतंय आत मशीनच्या वॉरंटीचा कागद आहे. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ते पुन्हा येतील. तीन प्रश्नांची तीन उत्तरं, शाईने, खाली सही. इथे यायचं असेल तर चौथी ओळ लिही, मी कारण विचारणार नाही. पाचपर्यंत कागद हाती आला नाही, तर शुक्रवारी सकाळी बॅग घेऊन मी तुमच्या दारात उभी राहीन, आणि दार कोण उघडतं ते बघीन.

वाट बघण्यात अजिबात तरबेज नसलेली,
तुझीच
आई