नाताळच्या रेकॉर्डी आणि घासलेली पुली

२ डिसेंबर

आज दोन रेकॉर्डी घेतल्या. नाताळच्या. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात पहिल्यांदाच पाय ठेवला.

कारण आई. गळ्याच्या ऑपरेशनपासून ती बोलत नाही. काही हवं असलं की टाळी वाजवते. डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, आवाज शाबूत आहे, पण वापरला नाही तर बसेल. बाबांनी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं. ढिम्म. पूर्वी डिसेंबरभर ती रेकॉर्डबरोबर गायची. आमच्या रेकॉर्डी मात्र पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाने वाकून गेल्या.

दुकानदार काकांना म्हटलं, संग्रह सुरू करायचाय.

"संग्रह सुरू करायचा नसतो, पोरी. तो होतो आणि मग घरचे ओरडतात. घरात काय वाजायचं?"

"एक बाई गायच्या. मागे ऑर्गन. निळं कव्हर."

"निळ्या कव्हरातल्या बाया माझ्याकडे ढिगाने आहेत."

तरी सापडली. दुसरी बँडची – काकांनी गळ्यात मारली.

५ डिसेंबर

घरचा जुना रेकॉर्ड प्लेअर उघडला. रबरी पट्टा सैल. मोटरवरची पितळी पुली झिजून बारीक झालेली. झिजून? कडा फार सरळ आहेत. कानस फिरवल्यासारख्या.

वेग तपासायची पट्ट्यांची चकती ट्यूबखाली ठेवून पाहिली. वेग बरोबर असला की पट्ट्या स्थिर दिसतात. आमच्या मागे सरकत होत्या! म्हणजे लहानपणापासून मी सगळा नाताळ हळू ऐकला. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांची उपकरणं अचूक करते, आणि घरी दिव्याखाली अंधार.

काकांकडून नवी पुली आणि पट्टा आणला. बसवला. पट्ट्या जागच्या हलेनात. छान वाटलं.

८ डिसेंबर

निळं कव्हर लावलं. आई भाजी चिरत होती. सुरी थांबली. पहिल्या दोन ओळींना ओठ हलले – आवाज नाही, नुसते ओठ. चढाच्या जागी तिचा हात गळ्याशी गेला. मग ती उठून आत गेली.

बाबा म्हणाले, "त्या बाईला कोणी चिमटा काढतंय का?"

"वेग आता अचूक आहे, बाबा."

"अचूक," म्हणाले, आणि पेपरात तोंड खुपसलं. पेपर कालचा होता.

९ डिसेंबर

बँडची रेकॉर्ड लावली. कोणालाच काही वाटलं नाही. मलाही.

११ डिसेंबर

पुलीचं डोक्यातून जात नव्हतं. बाबांना विचारलं, ती कोणी घासली?

"मी."

"का?"

"लग्नानंतरचा पहिला डिसेंबर. तुझ्या आईला तो चढ लागेना. रडकुंडीला आली. तिचा गळा वर नेणं माझ्या हातात नव्हतं. त्या बाईला खाली आणणं होतं. पुली बारीक केली की रेकॉर्ड हळू फिरते, सूर उतरतो."

"आईला माहीत आहे?"

"वेडी का काय! तिला वाटतं, आपला गळा रेकॉर्डमधल्या बाईच्या तोडीचा आहे. इतकी वर्षं मी तोंड शिवून बसलोय. तू बोलू नकोस."

म्हणजे त्या दिवशी आईला काय वाटलं असेल, ते उघड आहे. नेहमीचं गाणं, नेहमीचा चढ, आणि गळा तिथे पोचत नाही. ऑपरेशनने आवाज नेला. आणि ही समजूत मी करून दिली, पट्ट्या स्थिर करून.

१२ डिसेंबर

जुनी पुली फेकली नव्हती. काढलेला भाग जपून ठेवायची सवय. परत बसवली. चकती ठेवून पाहिली नाही.

१४ डिसेंबर

आज लावायचा धीर झाला नाही. एका पुलीवर किती भार टाकायचा?

१५ डिसेंबर

बाबा बाहेर गेल्यावर निळं कव्हर लावलं. आई शेवटपर्यंत बसली. ओठ मिटलेले. रेकॉर्ड संपली तशी मी उचलायला गेले, तर मागून टाळी आली नाही, आवाज आला. खरखरीत, जाडसर, पण तिचाच.

"अजून जराशी घास. आता इतकंही वर जमायचं नाही. आणि मला पहिल्यापासून ठाऊक आहे, हे बाबांना सांगू नकोस."