आखोलोतेचं बाळंतपण

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. निदान पिलं बाहेर येईपर्यंत तरी.
डॉक्टर मारिसेला सकाळी होडीतून आल्या आणि आखोलोतेची जोडी माझ्या ताब्यात देऊन गेल्या. पाण्यातला सरडाच जणू: चार पाय, शेपटी, मानेभोवती पिसांसारखे कल्ले, तोंडावर सदा हसू. माझ्या लहानपणी आमच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत हे टोपलीटोपलीनं सापडायचे. आम्ही खायचो. (चवीबद्दल लिहीत नाही. आता लाज वाटते.) कार्प माशांनी आणि घाण पाण्यानं जवळजवळ संपले. म्हणून आता माझ्या टँकमध्ये अंडी, मग पिलं, मग ती शेताकडेच्या जाळी लावलेल्या कालव्यात सोडायची.
डॉक्टर म्हणाल्या, अब्दोनकाका, एकच लक्षात ठेवा. अंडी दिसली की नरमादी दोघांना लगेच बाहेर काढायचं.
मी म्हणालो, बाई, चार मुलं वाढवलीत मी.
बायको, ओतिलिया, सणाचे तमालेस वाफवत होती. तिथूनच म्हणाली, कुठली चार? माझी असतील तर ती मी वाढवली.

७ फेब्रुवारी
मादी फुगलीय. पाणी गार राहावं म्हणून टँकवर ओलं गोणपाट. संकल्प: अंडी होईपर्यंत पुल्केचा घोट नाही.

८ फेब्रुवारी
रविवार धरलेला नव्हता.

१२ फेब्रुवारी, सकाळी
अंडी! पानापानाला चिकटलेली. जेलीच्या थेंबात एकेक काळा ठिपका. डॉक्टरांना मेसेज केला. उत्तर आलं: शाब्बास काका, दोघांना आत्ताच्या आत्ता काढा.

दुपारी
नराला काढलं. बाप तसाही काय कामाचा. मादीला मात्र राहू दिलं. बाळंतीण आहे. ओतिलियाला माझ्या आईनं चाळीस दिवस खाटेवरून उतरू दिलं नव्हतं. इथे तर आईला लेकरांपासून तोडायचं! एक रात्र तरी.
ओतिलिया म्हणाली, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?
मी म्हणालो, डॉक्टरांना अजून मूल नाही, त्यांना काय कळणार.
बोलायला नको होतं.

१३ फेब्रुवारी
पानं स्वच्छ. मादी हसतेय. अर्थात ती नेहमीच हसते.
अंडी पाण्यात विरघळली असावीत.
ओतिलिया म्हणाली, पोटात विरघळली. बघ तिचं पोट.
डॉक्टरांना फोटो हवाय. उद्या सगळं सांगतो.

१५ फेब्रुवारी
सांगायलाच फोन हातात घेतला होता. समोर लिंबूपाण्यात भिजवलेला चिया. दाण्यादाण्याभोवती जेली, मध्ये काळा ठिपका. हुबेहूब अंडी. फोटो काढला, फक्त उजेड कसा पडतो ते बघायला. तो पाठवला गेला. डॉक्टरांकडून तीन लाल हृदयं आली.
लिंबूपाणी प्यायलो नाही. पिववेना.

१९ फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. पलीकडच्या शेतातल्या सिरिलोदादांकडेही एक जोडी दिली होती, त्यांच्याकडची सगळी अंडी उन्हानं गेली म्हणे. म्हणाल्या, काका, मी रडलेच असते, पण तुमची आहेत म्हणून धीर आहे.
जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही. उद्या नक्की सांगणार.

२० फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. मादी पुन्हा अंडी घालेलच, मग त्या डॉक्टर पोरीला उगाच कशाला दुखवायचं? नराला परत आत सोडलं. दोघं दोन कोपऱ्यांत, एकमेकांकडे पाठ करून.
चियाचा दुसरा फोटो. आणखी हृदयं. मोजली नाहीत.

२४ फेब्रुवारी
चियाला मोड आले, तरी तिसरा फोटो पाठवला. डॉक्टरांनी विचारलं, काका, शेपट्या हिरव्या का? मी लिहिलं, शेवाळ.
उत्तर आलं: उद्या येते.

२५ फेब्रुवारी
भाषण तयार होतं, हवामानापासून सुरुवात. डॉक्टरांनी गोणपाट उचललं आणि टँकमध्ये बघत राहिल्या. भाषण कुठल्या कुठे गेलं. म्हणालो, मादीनं खाल्ली. मी तिला काढलं नाही. पहिल्याच रात्री.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, मग मला हृदयं का पाठवू दिलीत?
ओतिलियानं जेवायचा डबा बांधून दिला. घेतला नाही. जोडी बर्फाच्या पेटीत घालून होडी घेऊन निघून गेल्या.

१ मार्च
सिरिलोदादांकडे गेलो. त्यांची उन्हानं गेली, माझी माझ्यामुळे, एवढं तरी त्यांच्यापाशी बोलावं म्हणून.
दादांनी बायकोला काहीतरी काम सांगून आत पाठवलं. मग हळूच म्हणाले, ऊन कुठलं रे अब्दोन. माझ्याकडेही मादीनंच खाल्ली. मी कार्निव्हलमध्ये नाचत होतो. तुझ्याकडे अंडी आहेत असं कळलं, म्हणून मला खोटं बोलायला जड गेलं नाही.
मग आम्ही दोघं माझ्या कालव्याच्या कडेला येऊन बसलो. जाळी घट्ट बसलीय. पाणी तळापर्यंत नितळ आहे. आत कुणी नाही.