तुमची पाठ छापून वाटली

अहो,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. आज सकाळीच मांडववाला येऊन सतरंज्या घेऊन गेला, पाहुणे गेले, रमेश अंबडला ड्यूटीवर गेला. घर रिकामं आहे आणि माझ्या पोटात राग मावत नाही. तुम्ही होतात तेव्हा मी बोलायला लागले की रेडिओ मोठा करायचात. आता कसा कराल? म्हणून लिहिते. तिसरीपर्यंतच शाळा, अक्षर वाकडं येईल. पण तुम्हाला तरी वाचायची कसली घाई आहे?

प्रवचनात महाराज म्हणाले, तात्या म्हणजे देवमाणूस, कधी कुणावर रागावले नाहीत. मला ठसकाच लागला! गंगूवन्सं पाणी घेऊन धावल्या, त्यांना वाटलं मी त्यांच्या भावाच्या आठवणीनं रडते. कधी कुणावर रागावले नाहीत! सख्ख्या नातीकडे पाठ करून गेलात तुम्ही, अन् म्हणे देवमाणूस.

वैशीच्या त्या पुस्तकांचं आधी काय कौतुक होतं तुम्हाला! आठवतं ना? चित्रकलेच्या कॉलेजात गेली आणि पोरीला नाद लागला. एका कागदावर चित्रं काढायची, मधोमध चीर द्यायची, घड्या घालायच्या, की झालं आठ पानांचं इवलंसं पुस्तक. माणसं, त्यांच्या डोक्यावर फुगे, फुग्यांत त्यांचं बोलणं. मूळ कागद एकच, बाकीचे झेरॉक्सवाल्याकडून. घड्या घालायला मी. जन्मभर नऊवारीच्या घड्या घातलेला हात, मला काय अवघड? वैशी म्हणायची, "आजी, तुझी घडी मशीनसारखी पडते गं." म्हातारपणी कारखानदारीण झाले मी! हात काळे व्हायचे, लुगड्याला पुसायचे, आणि सूनबाई ओरडायची.

कुणा छापणाऱ्याला विचारायला नको, की कुणाच्या पाया पडायला नको. कॉलेजच्या गेटवर वाटायची, सिटी बसच्या सीटवर मुद्दाम विसरून यायची. कोल्हापूरचा एक पोरगा असलीच पुस्तकं काढायचा. तो त्याची पोस्टानं धाडायचा, ही आपली धाडायची. तुम्ही पाकीट उलटंपालटं करून विचारलंत, "कोण गं हा? काय लिहितो एवढं?" आणि आतली चित्रं बघून विचारायचं विसरलात, खो खो हसत सुटलात.

आणि ते होस्टेलच्या चपातीचं? पोरं चपातीवर बसून गोदावरी पार करतात, तरी चपाती मऊ पडत नाही, ते! ते तर खिशात घालून फुलबाजारात नेलंत. "आमच्या नातीचं डोकं हाय!" म्हणत गाळ्यागाळ्यावर दाखवलंत. दुसऱ्याची थट्टा होती तोवर नातीचं डोकं, होय ना?

मग तिनं झेंडूचं पुस्तक काढलं.

खोटं काय होतं हो त्यात? काट्यावर घालायच्या आधी तुम्ही झेंडूच्या पाट्यांवर झारीनं पाणी मारायचात, वजन भरावं म्हणून. अख्ख्या मखमलाबादला ठाऊक होतं. तिनं तेच काढलं. तात्या झारी घेऊन उभे, झेंडू पाटीत पोहतोय, आणि शेवटच्या पानावर ओला हार घालून गडावरच्या देवीला सर्दी! अठरा हात आणि अठरा रुमाल! मी घड्या घालता घालता इतकी हसले की चार कागद वाकडे दुमडले.

दसऱ्याच्या बाजारात ते पुस्तक फिरलं. गाळेवाला तुम्हाला म्हणाला, "काय तात्या, आज देवीला किती शिंका?" सगळा बाजार हसला. तुम्ही पाट्या तिथंच टाकून घरी आलात, बाजेवर आडवे झालात आणि भिंतीकडे तोंड केलंत.

तिनं काय काय केलं नाही? "आजोबा, चुकले. परत नाय काढणार." तुम्ही घोंगडी कानावर ओढलीत. तिनं चहा आणून ठेवला तर ती गेल्यावर प्यायचात. प्यायचात मात्र! दिवाळी गेली. मी म्हटलं, संक्रांतीला तरी बोलतील. त्या दिवशी वैरीसुद्धा तिळगूळ घेतो. पोरीनं हात पुढे केला, "आजोबा, गोड बोला." तुम्ही हललाही नाहीत. तिनं लाडू खिडकीत ठेवला. तो मुंग्यांनी नेला, अहो! मुंग्यांना जेवढी माया, तेवढी तुम्हाला नव्हती?

आणि रथसप्तमीच्या आत गेलात. झोपेत, त्याच कुशीवर. निदान कूस तरी बदलायची!

तुम्ही सुटलात. इकडे तिनं टाक, शाई, सगळं एका डब्यात भरून माळ्यावर टाकलं. कोल्हापूरची पाकिटं न फोडता पडून राहिली. कॉलेजात सांगतील तेवढंच काढायची, मडकी आणि केळी. घरात हसणं नाही की घड्या नाहीत. मला तुमच्या जाण्याचं जितकं लागलं तितकंच त्या माळ्यावरच्या डब्याचं लागलं. जास्तच लागलं, लिहूनच टाकते.

रमेश म्हणाला, "आई, तिला सांग ना, तात्या जाताना म्हणले वैशीला माझा आशीर्वाद. एवढं खोटं बोललीस तर काय बिघडंल?" मी साफ नाही म्हटलं. जे तुम्हाला जिवंतपणी तोंडातून काढता आलं नाही, ते तुम्ही गेल्यावर मी तुमच्या तोंडात का घालू?

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर आम्ही दोघी फुलं तोडत होतो. तिनंच विचारलं, "आजी, खरं सांग. आजोबा माझ्याबद्दल काही बोलले होते का गं?"

"नाय. रागातच गेले."

ती मटकन बांधावर बसली. "मग आता माफी कुणाकडं मागू?"

"माफी कशाची? पाणी मारत नव्हते का ते?"

"मारायचे."

"मग? ते रुसले चित्रावर. तू कशापायी रुसलीस तुझ्या हातावर?"

आधी रडली. मग अशी चिडली म्हणता, तुमच्यावर! "इतके दिवस गं आजी! एक शब्द नाय!" करत फुलं ओरबाडायला लागली, कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. मला इतकं बरं वाटलं! तिन्हीसांजेला स्टुलावर चढून तिनं डबा खाली काढला.

तिनं काय काढलं माहीत आहे? तुमची पाठ! आठही पानांवर. बनियनचं खांद्यावरचं भोक, कानातले केस, कमरेचा करदोटा. पाठीमागे चहा येतो, जातो. फराळ येतो, जातो. तिळगूळ येतो, मुंग्या येतात. पाठ तशीच. शेवटच्या पानावर बाज रिकामी, पुढ्यात वैशी उभी, आणि तिचा एकच फुगा: "आजोबा, मी अजून चिडलेय."

वर्षश्राद्धाला वाटायला रमेशनं हरिपाठ ठरवले होते, वर तुमचा फोटो, खाली "यांच्या स्मरणार्थ". मी म्हटलं, वैशीचं पुस्तक वाटायचं.

"आई, श्राद्धाला कुणी कार्टून वाटतं का? लोक तोंडात शेण घालतील."

वन्सं तर पेटल्याच. "माझ्या भावाची शोभा करतीस का वहिनी?"

मी म्हटलं, "नवरा माझा होता. हरिपाठ घरोघरी हाय. तात्या आता कुणाच्याच घरी नाय."

पंगत बसली आणि पुस्तकं हातोहात गेली. कुणी हसेना. लोक पुस्तकाकडे बघायचे, मग माझ्याकडे. वैशी दारात उभी, तोंड पांढरं फटक. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा डबा माळ्यावर. तेवढ्यात वन्संनी चष्मा चढवला, दोन पानं उलटली आणि ओरडल्या, "अगं बाई, दादाच हाय हा! आईवर रुसला की असाच बसायचा, चुलीकडं पाठ करून. शेवटी आई म्हणायची, आता पाठीलाच भाकर बांधते!" आणि अशा हसल्या की तोंडातली बुंदी समोरच्या महाराजांवर! मग काय, सगळी पंगत सुटली. रमेश डोळे पुसत हसत होता. गाळेवाला म्हणाला, "वैशाली, धा-बारा जादा दे, गाळ्यावर ठेवतो."

तिला ऐकूच गेलं नाही. तिनं हातातलं पुस्तक उलगडलं, कागदाची कोरी बाजू वर केली आणि उडती बुंदी काढायला लागली. मान खाली, जीभ दातांत. मी वाढायची सोडून बघतच राहिले.

पण म्हणून राग गेला असं समजू नका. ती पंगत तुमच्या डोळ्यांदेखत हसायला हवी होती. बाजेवरून नुसतं वळायचं होतं हो तुम्हाला. करंटे कुठले!

आता ती माझं पुस्तक काढणार म्हणते. काय काय काढील देव जाणे. मला राग येईलच, तुमच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, तेवढा तर लागलाच असेल. पण शब्द देते. मी भांडेन, शिव्या देईन, कागद अंगावर फेकेन, पण तोंड पोरीकडे करून. आणि जायची वेळ आली की तिच्याशी बोलून जाईन.

तुमची,
गिरजा