बॉल हातातून सुटेपर्यंत

जळगाव,
१२ डिसेंबर १९९१

ती. आबा,
तुम्हाला आणि आईला तुमच्या कोकिळेचा जळगावहून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. उजव्या हाताला थोडं लागलंय, पण हाड शाबूत आहे. आईला वाचून दाखवताना एवढं गाळा.

सकाळच्या सॉफ्टबॉलच्या सामन्यात पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या आधीच माझा पाय बेसवरून उचलला गेला. अंपायरने मला बाद दिलं. आम्ही कशाबशा जिंकलो, पण जेवताना माझ्याशी कोणी बोललं नाही.

दुपारी अंतिम सामना शेवटच्या डावात बरोबरीत होता आणि मी तिसऱ्या बेसवर. सर म्हणाले, "पिचरचा चेहरा नको, हात बघ." डावा पाय बेसच्या कडेला रोवून मी पुढे झुकले. तिचा हात मांडीपाशी आला, बॉल सुटला, आणि तेव्हाच मी बेसला रेटा देऊन निघाले. बॅटला लागून बॉल जवळच पडला. आपल्या पिंपळनेरची सुमन ओरडली, "पय वं, पय!" कॅचर वाट अडवून उभी होती. मी घसरत जाऊन तिच्या पायांमधून होमच्या पाटीला हात लावला. धुरळा खाली बसला. मग अंपायरने दोन्ही हात पसरले, म्हणजे मी बाद नाही, धाव पूर्ण. आम्ही जिंकलो!

राज्याच्या शिबिरासाठी माझं नाव आलंय. ते पुण्याला आहे. घरचा होकार लागतो.

आईचा खोकला थांबला का? काकांनी पुन्हा स्थळाचं काढलं का?

आबा, मला जायचंय. कार्डावर नुसतं 'जा' लिहिलंत तरी पुरे.

तुमची,
कोकिळा